कोणत्या गावाला जाता, हेही विचारा

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, नवी दिल्ली
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा

महोदय,

फेब्रुवारी 2011 मध्ये मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात प्रगणक होतो. एका घराच्या ओट्यावर अनुसूची मांडीवर घेऊन बसलो होतो. घरधन्याचं एसटी स्टँडवर मोबाइल रिचार्जचं दुकान. साडेतीन एकर वावर होतं, त्यात निम्मा वेळ भाऊच राबायचा. कामाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, शेतकरीच लिवा. सातबारा आहे न आपल्या नावानं." मी शेतकरी लिहिलं, चहा घेतला आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

त्या एका खुणेनं गावाचं गावपण ठरतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. जिथे नगरपालिका किंवा नगरपंचायत नाही, अशा गावाला जनगणनेत शहर म्हणायचं तर तीन अटी आहेत: वस्ती किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. फक्त पुरुष. त्याच ओट्यावर त्याची बायको कापूस वेचून आलेली, हात चिरलेले, पाणी घेऊन उभी होती. तिचं काम मी लिहिलं, पण या हिशेबात ते धरलंच जात नाही. ही चौकट 1961 पासूनची. आमच्याकडे तेव्हा सोयाबीन नव्हतं, मोबाइलची दुकानं तर दूरच.

शहर होण्याचा दुसरा दरवाजा राज्याचा. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात लोकसंख्या आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचे निकष आहेत. पण 2014 मध्ये राज्यानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं आणि आमच्या जिल्ह्यात मोताळा व संग्रामपूर ही शहरं झाली. त्यांच्याबद्दल आकस नाही. पण धाड बघा. जालना जिल्ह्याच्या सीमेवरचं हे गाव. तिथे पोलीस ठाणं आहे, बाजार आहे, दवाखाने आहेत, आजूबाजूची खेडी रोज तिथे येतात. साखरखेर्ड्याचंही तेच. दोन्ही ग्रामपंचायतीच. कारण तहसील कचेरी दुसरीकडे आहे. तहसीलदाराची खुर्ची कुठे ठेवली, यावर शहर ठरवायचं असेल तर जनगणनेचा एवढा खटाटोप कशाला?

आणि पाटी बदलली की काय होतं तेही ऐका. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शेगावला आहे. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. तिसरी ते पाचवीत एक दिवसही शहरी भागातल्या शाळेत शिकलेलं मूल शहरी धरलं जातं, आणि जे गाव अधिसूचनेनं शहर झालं तेही शहरीच. म्हणजे मोताळ्याचं पोर, तीच शाळा, तेच गळकं छप्पर, पण आता त्याची स्पर्धा मोठ्या शहरांतल्या मुलांशी. त्याच मोताळ्यातल्या सरकारी दवाखान्याचं नाव मात्र ग्रामीण रुग्णालय. शासन एकाच गावाकडे दोन चष्म्यांतून बघतं, आणि दोन्हींचे नंबर चुकलेले.

बुलढाणा शहराला लागून सुंदरखेड आणि सागवन आहेत. रस्ता ओलांडला की नगरपालिका संपते, हे नवख्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला केंद्र-राज्य मिळून 1 लाख 20 हजारांचं अनुदान ठरलं होतं, शहरी लाभार्थ्याला अडीच लाखांपर्यंत. विटा एकाच भट्टीतल्या, गवंडी तोच. नाल्या मात्र एकीकडे एका खात्याच्या, दुसरीकडे दुसऱ्याच्या, आणि पाणी तुंबलं की दोन्ही खाती नकाशा उघडतात.

मोठ्या शहरांचीही गत वेगळी नाही. खामगावला कापसासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं त्याचं उद्घाटन केलं. त्या खामगावची लोकसंख्या 2011 मध्ये 94 हजारांवर होती. 2015 ची अमृत योजना लाखावरच्या शहरांसाठी होती, म्हणून खामगाव बाहेर राहिलं आणि खामगाव बाहेर म्हणजे अख्खा जिल्हा बाहेर, कारण लाख कुणाचेच भरत नव्हते. पुढे 2021 मध्ये योजना सगळ्या नगरपालिकांना खुली झाली, पण मधली सहा वर्षं परत येत नाहीत. शेगावचं तर विचारूच नका. 2011 मध्ये साठ हजारांच्या आसपास रहिवासी. प्रगटदिनाला, ऋषिपंचमीला तिथे भाविकांच्या रांगा बघा. पाणी, संडास, कचरा हा सगळा भार येणाऱ्यांचा असतो आणि शहराचा आकडा मात्र रात्री निजणाऱ्यांवरून ठरतो.

दरम्यान समृद्धी महामार्गाच्या कडेला मेहकर तालुक्यात साब्रा-काब्रा इथे नवनगर उभं करायचं ठरलं. जिथे वावरं आहेत तिथे नगर, आणि जिथे नगर झालंच आहे तिथे ग्रामपंचायत. तुकाराम महाराज असते तर एखादा खरपूस अभंग झाला असता.

मार्च 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं देशादेशांची तुलना करण्यासाठी एक पद्धत मान्य केली. तीत प्रदेशावर एकेक चौरस किलोमीटरची जाळी टाकतात आणि शहर व खेडं यांच्यामध्ये तिसरा, मधला वर्ग ठेवतात. धाड, साखरखेर्डा, सुंदरखेड यांना घर मिळेल तर त्याच मधल्या वर्गात. पण नुसती दाटी मोजून आमचं भागणार नाही. दाटी रात्रीची असते, बाजार दिवसाचा.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यासाठी हद्दी गोठवल्या गेल्या आहेत, त्या आता हलणार नाहीत हे मान्य. माझं मागणं हद्दीचं नाही, रकान्याचं आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे शाळा, दवाखाना, बँक, आठवडी बाजार आहे की नाही ते असतं; नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे, एवढंच असतं. जवळच्या शहराचं नाव असतं. पण माणूस प्रत्यक्षात बाजाराला, डॉक्टरकडे, दहावीनंतरच्या शिक्षणाला ज्या गावाला जातो त्याचं नाव कुठेच नसतं, कारण बहुतेकदा ते गाव तुमच्या लेखी शहर नाही. तेवढं एक नाव विचारा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं, पाच मिनिटांचं काम आहे. मग कोणत्या गावावर किती खेडी अवलंबून आहेत ते आपोआप दिसेल आणि अग्निशमनाचा बंब, सांडपाणी, बाजाराचे ओटे यांचा पैसा त्या आकड्यानं वाटता येईल. गाव शहर झालं तर नवोदयसारख्या ग्रामीण सवलती एका रात्रीत काढू नका, दहा वर्षांत उतरत्या ठेवा. हे दुसरं मागणं नगरविकास विभागाला.

जिल्हाधिकारी साहेबांना एवढीच विनंती, पुस्तिकेची वाट न बघता यंदाच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ती नावं मागवावीत. प्रगणक म्हणून मला आता कोणी बोलावणार नाही, पण यादी लिहायला माणूस कमी पडला तर मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बुलढाणा