सेकंदाचे साक्षीदार

मुहूर्त मोजक्यांनी सांगावा आणि इतरांनी तो मुकाट्याने पाळावा, अशी रीत आपल्याकडे शतकानुशतके चालत आली. शनीने रोहिणीचा शकट भेदला तर बारा वर्षे दुष्काळ पडतो, ही समजूत त्याच रीतीतली. आकाशाचे भय सर्वांना वाटले गेले. आकाश मोजण्याचे साधन मात्र सर्वांना मिळाले नाही. म्हणूनच लघुग्रहामुळे होणारे ताऱ्याचे पिधान हा विषय आम्हांस केवळ विज्ञानाचा वाटत नाही.

लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून सरकतो आणि तारा काही सेकंद दिसेनासा होतो, हे पिधान. ताऱ्याचे किरण जवळजवळ समांतर येत असल्याने पृथ्वीवर धावणारी सावली साधारण लघुग्रहाएवढीच रुंद असते. समजा, सावलीचा वेग सेकंदाला १२ किलोमीटर आहे आणि तारा ५ सेकंद लपला. तर त्या रेषेवर लघुग्रहाची लांबी ६० किलोमीटर भरते. एका निरीक्षकाला एकच रेघ मिळते. सावलीच्या पट्ट्यात आडवे विखुरलेले दहा जण असतील, तर दहा रेघांतून त्या खडकाचा आकार उमटतो. पट्ट्याबाहेरून 'तारा लपला नाही' असे नोंदवणाराही तितकाच उपयोगी. त्याच्या नकाराने आकाराची कड ठरते.

हे किरकोळ काम नव्हे. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला. त्या आधी व नंतर ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला आणि युरेनसची कडी उघडकीस आली. २०१३ साली दक्षिण अमेरिकेत अशाच पिधानातून सुमारे २५० किलोमीटर व्यासाच्या चॅरिक्लो या लहानशा पिंडालाही कडी असल्याचे कळले.

पुण्याचा इतिहासही बोलका आहे. प्रा. नायगमवाला यांनी येथील विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये ती बंद होऊन उपकरणे कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीवर विसंबलेले ज्ञान असे सहज उठून जाते. याउलट, १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांच्या बळावर आजही उभी आहे.

सूस २०२१ मध्ये महापालिकेत आले. दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगा हरवली. परंतु पिधानासाठी दुर्बिणीत एक तारा स्पष्ट दिसला तरी पुरे. 'दहावीच्या गुणांत याने काय भर पडणार?' असे पालक विचारतील. गुणांत काहीच नाही. मात्र रात्रभर जागून, तारा लपावा अशी मनोमन इच्छा असताना, 'लपला नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणारे मूल पुढे कोणाच्याही सांगण्यावरून सत्य बदलणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सांगितलेला वैज्ञानिक दृष्टिकोन पाठांतराने येत नाही. तो असा हाताने लिहावा लागतो.

माजी विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच : देणगीतून आणखी एक कमान उभारण्यापेक्षा शाळेच्या गच्चीवर एक मध्यम दुर्बीण, एक व्हिडिओ कॅमेरा आणि उपग्रहाशी जुळणारे घड्याळ द्या. ज्यांच्या पूर्वजांना वेळ विचारून घ्यावी लागली, त्यांच्या नातवंडांनी लिहिलेली वेळ जगाच्या गणितात धरली जावी, ही आमची इच्छा आहे.