शेऱ्याचा रकाना कोणी पुसला?

गाव नमुना बारा ज्याने एकदा तरी नीट वाचला असेल, त्याला त्यातील शेवटच्या रकान्याचे नाव सांगावे लागणार नाही. 'शेरा' या दोन अक्षरांखाली तलाठी दोन ओळी खरडीत असे आणि छापील रकान्यांत न मावलेले गाव तेथे येऊन बसत असे. विकास सेवा संस्थेच्या सचिवाच्या वहीलाही असाच समास होता. कर्ज बापाच्या नावे, जमीन कसतो धाकटा मुलगा, वारसनोंद रखडलेली. ऊस कारखान्याला गेला आहे पण बिल यायचे आहे, म्हणून सभासद कागदावर थकबाकीदार असला तरी व्यवहारात नाही, ही माहिती किर्दीच्या कोणत्याही खान्यात बसत नव्हती. ती समासात पेन्सिलीने लिहिली जाई आणि कर्जवाटपाच्या बैठकीत तीच उपयोगी पडे. या समासाचा दुरुपयोग झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. पाटलाच्या भाच्याला अनुकूल शेरे कसे पडत, हे खेड्यात सर्वांना ठाऊक असते. परंतु छापील नमुना सरकारचा आणि समास वही लिहिणाऱ्याचा, एवढी वाटणी कागदाच्या काळात निर्विवाद होती. संगणकाच्या पडद्याने ती मोडली, आणि ती मोडल्याची नोंद ना विधिमंडळाने घेतली, ना सहकारी चळवळीने, ना डाव्या पक्षांनी.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरील मलकापूर हे शाहूवाडी तालुक्याच्या डोंगरकपारीतील गावांचे बाजाराचे ठिकाण. येथे उतरणाऱ्या शेतकऱ्याची आज सरकारशी, बँकेशी आणि सोसायटीशी जी गाठ पडते ती माणसाशी कमी आणि पडद्याशी अधिक पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभे राहून मोबाइलवर करावयाची आहे : गट क्रमांक निवडा, यादीतून पीक निवडा, क्षेत्र भरा, छायाचित्र काढा. काम शेतकऱ्याकडे आले यात वाईट काही नाही. परंतु कामाबरोबर अधिकार आला काय? तलाठ्याच्या हाती निदान शेऱ्याचा रकाना होता. शेतकऱ्याला मिळाला तो दुसऱ्याने ठरविलेला क्रम. आंब्याच्या बाजूला डोंगरउतारावर तुकड्या-तुकड्यांत भात आणि नाचणी घेणाऱ्याला पडद्यावरील पायऱ्या उलट्या क्रमाने हव्या असतील, रेंज नसलेल्या शिवारात एखादी पायरी पुढे ढकलावीशी वाटत असेल. ते त्याने सुचवावे, आणि जेव्हा कधी नवे अपडेट येईल तेव्हा पाहावे, यापलीकडे त्याचा अधिकार जात नाही.

सोसायटीची कथा याहून बोलकी आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्व देशासाठी एक सामायिक सॉफ्टवेअर, नाबार्डच्या देखरेखीखाली, असे तिचे स्वरूप आहे. योजनेच्या घोषणेत एक वाक्य मोठे सूचक होते : सॉफ्टवेअर प्रादेशिक भाषेत असेल आणि राज्यांच्या गरजेनुसार त्यात फेरबदल करण्याची लवचिकता राहील. राज्यांच्या! म्हणजे पडदा स्थानिक परिस्थितीप्रमाणे बदलावा लागतो हे तत्त्व दिल्लीला मान्य आहे. फक्त 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ मुंबईच्या मंत्रालयापाशी येऊन संपतो. ज्या संस्थेचे सभासद भागभांडवल भरतात, ज्यांचा सचिव रात्री उशिरापर्यंत आकडे भरीत बसतो, त्या संस्थेला स्वतःच्या पडद्यावर एक रकाना वाढविण्याचा हक्क असावा, असे तेथे कोणाला सुचले नाही. ज्या जिल्ह्याने ऊस, दूध आणि पतपुरवठा या तिन्ही क्षेत्रांत सहकाराचे डोलारे उभे केले त्या कोल्हापूरनेही तो प्रश्न विचारला नाही, याचे अधिक वाईट वाटते.

यावर तंत्रज्ञांचे उत्तर ठरलेले असते : प्रत्येकाने आपल्याला हवा तसा पडदा करून घेतला तर व्यवस्था कोलमडेल. हे उत्तर किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी कोल्हापूरहून पुण्यापर्यंत जाणे पुरे. हिंजवडीच्या कचेऱ्यांत हजारो अभियंते जे काम करतात त्यातील मोठा वाटा हाच आहे. जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या सॅप या कंपनीचे सॉफ्टवेअर जगभरचे कारखानदार विकत घेतात, आणि मग आपल्या गोदामाला, आपल्या हिशेबाला, आपल्या व्यवस्थापकांच्या सवयींना अनुरूप असे पडदे त्यावर चढवून घेतात. कंपनीने त्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅमिंग भाषा ठेवली आहे. भारतात घरोघरी पोचलेल्या टॅलीचीही तशी भाषा आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतील बऱ्यापैकी व्यापारी पैसे मोजून आपल्या बिलाचा नमुना बदलून घेतो आणि त्यात कोणालाही अराजक दिसत नाही. तात्पर्य, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर आपली मांडणी चढविणे ही काही बंडखोरांची कल्पना नव्हे. तो एक भरभराटीचा धंदा आहे. ग्राहक भांडवलदार असेल तर त्याला 'सेवा' म्हणतात, आणि तेच श्रमिकाने केले तर अटींचा भंग म्हणतात.

श्रमिकाने ते केले तेव्हा काय घडले याचे दाखले आहेत. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या बाजारात घरबसल्या किरकोळ कामे करणारे लोक, त्यांत भारतीयही पुष्कळ, दर कामामागे काही सेंट मिळवितात. काम देणारा त्यांचे काम नापसंत करून पैसे नाकारू शके आणि ते काम मात्र ठेवून घेऊ शके. काम देणाऱ्याची लबाडी पाहण्याची सोय पडद्यावर नव्हती. २००८-०९ च्या सुमारास लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोघांनी 'टर्कॉप्टिकॉन' नावाची एक जोडणी तयार केली. कामगाराने ती आपल्या ब्राउझरमध्ये बसविली की ॲमेझॉनच्याच पानावर, प्रत्येक कामाशेजारी, इतर कामगारांनी त्या मालकाविषयी नोंदविलेले मत दिसू लागे. पान ॲमेझॉनचे, शेरा कामगारांचा! आपल्या गाव नमुन्यातील शेवटचा रकाना जणू कामगारांनी स्वतःच्या हाताने आखून घेतला. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतील अन्नवाटप करणाऱ्या कामगारांसाठी 'पॅरा' या ॲपने असेच काही केले. डोअरडॅश ही कंपनी मोठ्या बक्षिशीची पूर्ण रक्कम काम स्वीकारण्यापूर्वी दाखवीत नव्हती. पॅराने ती दाखविली. कंपनीने हे तातडीने बंद पाडले आणि कारण सांगितले सुरक्षिततेचे.

हे 'सुरक्षितता' प्रकरण थोडे तपासले पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. अनोळखी जोडणीने बँकेच्या खात्याचे परवलीचे शब्द चोरणे शक्य असते. खेड्यातील माणूस तर अशा फसवणुकीला सहज बळी पडतो. पण सुरक्षिततेचा हवाला देणारा स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे, हेही पाहायला नको काय? गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधील जोडण्यांचे नियम बदलले आणि २०२४ पासून जुन्या पद्धतीच्या जोडण्या बंद करण्यास आरंभ केला. त्यात जाहिराती रोखणारी 'यूब्लॉक ओरिजिन' ही अतिशय लोकप्रिय जोडणी आपल्या पूर्ण स्वरूपात निकामी झाली. कारण दिले गेले सुरक्षिततेचे आणि वेगाचे. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, ही गोष्ट त्या निवेदनात शोधण्याचे कारण नाही. याच गूगलला भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडमध्ये फेरफार करून वेगळी आवृत्ती काढण्यास फोन बनविणाऱ्या कंपन्यांना गूगलच्या करारांनी मज्जाव केला होता, हा त्यातील एक मुद्दा होता. न्याय झाला, पण तो कंपनीला कंपनीविरुद्ध मिळालेला न्याय होता.

प्रामाणिक सुरक्षिततेचा मार्ग कठीण नाही. हिशेब आणि हिशेबाकडे पाहण्याची खिडकी या दोन वस्तू वेगळ्या आहेत. सभासदाच्या खात्यातील रक्कम कोणी परस्पर बदलू नये. तेथे कुलूप हवेच, आणि ते जितके मजबूत तितके चांगले. परंतु ती रक्कम कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेत, कोणत्या इतर माहितीशेजारी दिसावी, त्याखाली संस्थेने आपला शेरा ठेवावा की नाही, हे ठरविल्याने एका पैशाचाही अपहार होत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरविषयी आणि खुल्या एपीआयविषयी, म्हणजे एका प्रणालीशी दुसऱ्याला जोडून घेता येईल अशा उघड्या दाराविषयी, धोरणे जाहीर केली. ती कागदावर उत्तम आहेत. फायरफॉक्ससारखा ब्राउझर मराठीत आला तो स्वयंसेवकांच्या श्रमाने, कारण त्याचे दार उघडे होते. बंद दाराच्या सॉफ्टवेअरबाबत मराठी माणसाला कंपनीला नफा दिसेपर्यंत थांबावे लागले.

येथे समाजवादी चळवळीने स्वतःलाही काही कठोर प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्यामागे मोठा संघर्ष होता आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या काळातील आमच्या सर्व वादविवादाचा रोख किती यंत्रे यावीत आणि किती नोकऱ्या जातील यावर होता. यंत्राच्या पडद्यावर काय असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न व्यवस्थापनाला आंदण दिला गेला. याच सुमारास उत्तर युरोपातील कामगारांनी मात्र तोच प्रश्न उचलला होता. नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७० नंतर क्रिस्टेन नीगोर या संगणकशास्त्रज्ञाला मदतीस घेऊन कारखान्यातील संगणकप्रणालींचा कामगारांच्या बाजूने अभ्यास केला. १९७५ साली तेथे कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकप्रणालींविषयी करारही झाला. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 'युटोपिया' प्रकल्प चालला. त्यात छापखान्यातील जुळारी आणि संशोधक एकत्र बसून वृत्तपत्राचे पान लावण्याच्या यंत्राचा पडदा कसा असावा हे ठरवीत. यंत्र तयार नव्हते, तर त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडून त्यांनाच छपाईयंत्र समजून सराव केला. विकास सेवा संस्थेच्या सचिवाला पुठ्ठ्याचे खोके मिळणार नाही असे नाही. त्याला बोलावणारेच कोणी नाही.

हिशेबाचा नमुना हा राजकीय प्रश्न असतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली तेव्हा त्यांचा राग व्याजाइतकाच त्या वहीवर होता, जी त्यांची असून त्यांना वाचता येत नव्हती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने दस्तऐवज निबंधकापुढे नोंदविण्याचे आणि कुळाला पावती व हिशेब देण्याचे बंधन सावकारावर घातले. परक्या सरकारलाही एवढे समजले होते. आजचा कायदा तर याहून अनुकूल आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने एका प्रोग्रॅमशी दुसरा प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, शोधून काढणे हा भंग मानलेला नाही. कायद्याने दिलेले हे दान कंपन्या कराराच्या बारीक अक्षरांतून परत घेतात, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील अनधिकृत प्रवेशाच्या तरतुदीचा धाक सामान्य प्रोग्रॅमरला पुरेसा होतो.

तेव्हा मागणी काय करावयाची हे स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या प्रत्येक प्रणालीचे दार जोडणीसाठी उघडे असले पाहिजे. मूळ नोंद अबाधित ठेवून पडद्यात बदल करण्याचा हक्क राज्यापाशी न थांबता संस्थेपर्यंत पोचला पाहिजे. ते बदल करून देणारे दोन-चार तंत्रज्ञ जिल्हा बँकेने पगारी नेमून सर्व संस्थांच्या दिमतीला द्यावेत, कारण मलकापूरच्या सोसायटीला हिंजवडीचा दर परवडणार नाही. ॲपवर राबणाऱ्या कामगारांसाठी कायदे होऊ लागले आहेत, राजस्थानने २०२३ साली आरंभ केला. महाराष्ट्रात तसा कायदा येईल तेव्हा कामगारांच्या संघटनेने बनविलेली जोडणी रोखण्यास मालकाला मनाई करणारे कलम त्यात असले पाहिजे. यासाठी विधिमंडळाची वाट पाहात बसण्याचेही कारण नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. शाहूवाडीतील एखाद्या संस्थेच्या सभासदांनी आयत्या वेळच्या विषयांत न ढकलता, रीतसर आगाऊ नोटीस देऊन, शेऱ्याच्या रकान्याचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि तो मंजूर करून नाबार्डला व सहकार आयुक्तांना पाठवावा.