आधी पाणी, मग मासे

ईद झाली की मुलांच्या हातात ईदीचे पैसे असतात आणि काचेच्या टाकीचा हट्ट सुरू होतो. आमच्या घरीही झाला. दोन फुटी टाकी आली, आणि तिच्यासोबत एकाच दिवशी दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, एक फायटर आणि चार गप्पी. आठ दिवसांत टेट्रा गेले. फायटरने गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या. धाकटी रडून म्हणाली, "अब्बा, त्यांना आपण मारलं का?" उत्तर देणे अवघड गेले, कारण ती बरोबर बोलत होती.

कोणता मासा कोणासोबत नांदतो, हे आम्ही पाहिलेच नव्हते. आणि त्याच्याही आधी पाहायचे होते ते पाणी. जळगाव जामोद तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. ज्या घरी बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तिथले पाणी जड समजावे. निऑन टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातला, मऊ पाण्याचा मासा. इथे तो कसा टिकणार? गप्पी, प्लॅटी आणि मोली यांना मात्र जड पाणी मानवते. मोली तर थोडे खारेही सोसते. गप्पी आपल्या ओळखीचाच. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते तो हौदांत सोडते. आरओच्या कॅनचे पाणी घालू का, असे काही भगिनी विचारतात. त्यात क्षार जवळपास नसतात, नुसते तेच पाणी या माशांना चालत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. खडी टाकल्यावर त्याहून कमी. त्यात सहा गप्पी आणि चार प्लॅटी पुरेत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला दम घेऊ देत नाही. पिल्ले दर महिन्याला होतात, त्यांची सोय नसेल तर नुसते नरच आणावेत. गोल्डफिश मोठा होतो, घाणही फार करतो. लहान टाकी त्याची नव्हे. फायटर नर एकटाच ठेवावा. टायगर बार्ब शेपट्या तोडतो, एंजल मोठा झाला की लहान मासे गिळतो. काच साफ करतो म्हणून दिला जाणारा सकर फूटभर वाढतो. तो नकोसा झाला तरी नदी-तलावात सोडू नका, तिथल्या माशांना त्याचा उपद्रव होतो.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. पहिले दोन-तीन मासेच सोडावेत आणि महिनाभर थांबावे. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मुलांना हे थांबणेच सर्वांत कठीण जाते!

मे महिन्यात टाकी पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. सेलवर चालणारा एक हवापंप घरात असू द्या.

आमच्या टाकीत आता गप्पी आणि प्लॅटीच आहेत. मागच्या जुमेरातला शेवाळात सात पिल्ले दिसली. धाकटी रोज सकाळी मोजते.