नट म्हणजे केवळ पात्र काय?

१९४२ साली जर्मन फौजा स्टालिनग्राडच्या रोखाने चालून येत असता सोव्हिएट सरकारने आपल्या सेनाधिकाऱ्यांसाठी अलेक्झांडर नेव्हस्की याच्या नावाचे एक मानचिन्ह निर्माण केले. नेव्हस्की हा तेराव्या शतकातला राजपुत्र. १२४२ साली गोठलेल्या सरोवरावर त्याने जर्मन सरदारांचा मोड केला, ही कथा रशियात लहानथोरांस ठाऊक आहे. चिन्हावर त्याचे मुख कोरावयाचे खरे, परंतु त्याचे विश्वसनीय असे चित्र कोठेच उपलब्ध नव्हते. तेव्हा चिन्हाचा आराखडा करणाऱ्याने चार वर्षांपूर्वीच्या एका बोलपटात नेव्हस्कीची भूमिका करणाऱ्या नटाचीच मुखाकृती उचलली. अशा रीतीने निकोलाय चेर्कासोव या हयात नटाचा चेहरा हजारो योद्ध्यांच्या छातीवर जाऊन बसला. नटाच्या चेहऱ्याची सरकारी मुद्रा झाली. या मुद्रेचे मोल ठरविताना मात्र टीकाकारांत दोन तट पडतात, आणि माझ्या मते दोन्ही तट एकाच खड्ड्यात जाऊन पडतात.

पहिला पक्ष म्हणतो, चेर्कासोव हा हुकूमशहाचा नट. त्याने स्टॅलिनला हवे तसे वीर आणि हवे तसे राजे उभे केले, पारितोषिके घेतली, लोकसभेत जाऊन बसला. त्याच्या अभिनयाची वाखाणणी करणे म्हणजे त्या राजवटीचे चौघडे वाजविणे होय. दुसरा पक्ष कानांवर हात ठेवून म्हणतो, अहो, तो बिचारा नट! संहिता लेखकाची, दृष्टी दिग्दर्शकाची, हुकूम सरकारचा. नटाने दिलेली वस्त्रे ल्यावी आणि दिलेले शब्द बोलावे. त्याच्याकडे जाब कसला मागता? एक पक्ष शिक्षा फर्मावतो, दुसरा माफी देतो. परंतु नटाला स्वतःची बुद्धी नसते, तो दुसऱ्याने भरलेले भांडे असतो, या गृहीतावर दोघांचेही एकमत आहे.

या गृहीताला आपल्याकडे मोठा आधार काढून दाखविता येईल. नाटकातल्या व्यक्तीला आपण ‘पात्र’ म्हणतो, आणि अभिनवगुप्ताने या शब्दाची मोठी मार्मिक उपपत्ती दिली आहे: मद्याची चव ज्याप्रमाणे पेल्याला कळत नाही, त्याप्रमाणे रसाचा आस्वाद नटाच्या ठायी नसतो, नट हे त्याचे केवळ साधन. रसचर्चेपुरता हा सिद्धान्त कोणास मान्य असो वा नसो; रसाचा आस्वाद कोठे होतो, हा त्याचा प्रश्न आहे. कृतीची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न अगदी निराळा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावणे हा हेत्वाभास आहे, आणि चेर्कासोवच्या चरित्रावरून तो उघडा पडतो.

चेर्कासोवचा जन्म १९०३ सालचा, पीटर्सबर्गचा. रंगभूमीवर त्याने पहिले पाऊल टाकले ते मारिन्स्की नाट्यगृहात, मूक भूमिका करणाऱ्यांच्या घोळक्यात. शाल्यापिनसारखा गायक-नट पुढे गात असावा आणि याने मागे भालदार म्हणून उभे राहावे, अशी ती उमेदवारी. पुढे १९२६ साली नाट्यशिक्षण पुरे करून तो मुलांच्या नाट्यगृहात दाखल झाला. उंचच उंच देह आणि काड्यांसारखे हातपाय यांचा उपयोग करून दोन सोबत्यांसह त्याने एक विनोदी नृत्यही बसविले होते. त्यात चार्ली चॅप्लिनची आणि डॅनिश विनोदी जोडीची नक्कल असे आणि लोक हसून बेजार होत. १९३३ साली तो लेनिनग्राडच्या पुश्किन नाट्यगृहात आला, तेव्हा त्याची ख्याती विदूषकाची होती. १९३६ सालच्या ‘कॅप्टन ग्रँटची मुले’ या चित्रपटातला वेंधळा भूगोलवेत्ता पागानेल त्याच ख्यातीत भर घालणारा होता.

लगोलग ‘बाल्टिकचा प्रतिनिधी’ हा बोलपट निघाला. वनस्पतिशास्त्रज्ञ तिमिर्याझेव याच्यावरून रचलेला त्यातला प्राध्यापक पोलेझायेव पंचाहत्तर वर्षांचा. चेर्कासोव त्या वेळी तेहतीस वर्षांचा. ही भूमिका आपणच करावी असा त्याने हट्ट धरला आणि ती मिळविली. ज्यांनी ते चित्र पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या वृद्धाचा अहंकार, त्याचे चिडखोर लाघव आणि विद्यार्थ्यांनी पाठ फिरविल्यावर एकाकी घरात पियानोपाशी बसलेली त्याची आकृती, यांतले काहीही रंगभूषाकाराच्या डबीतून निघालेले नाही. पुढच्याच वर्षी ‘पहिला पीटर’ या बोलपटात त्याने बापाच्या पराक्रमाखाली चिरडला गेलेला, भेकड आणि दयनीय असा युवराज अलेक्सेय उभा केला. विदूषक, वृद्ध विद्वान आणि राजद्रोही युवराज ही तीन माणसे दोन-तीन वर्षांच्या अवधीत ज्याने आपल्या एकाच देहातून काढली, त्याला भांडे म्हणावयाचे?

यानंतर १९३८ साली आयझेनस्टाईनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ आला. त्याची कथा बोधप्रद आहे. जर्मनांविरुद्ध लोकांस चेतविण्यासाठी जो बोलपट काढला, तो १९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलरशी करार होताच पडद्यावरून काढून घेण्यात आला. १९४१ मध्ये हिटलरने स्वारी केल्याबरोबर तोच पुन्हा गावोगाव दाखविण्यात आला. चित्र तेच, नट तोच; फिरले ते राजकारण. दुसरा पक्ष येथे मोठ्या उत्साहाने पुढे सरसावतो: पहा, नटाच्या हाती काय असते! मीही मान्य करतो की या उलथापालथीत चेर्कासोवचा हात नव्हता. पण त्याने जे केले त्याच्यापुरता तरी हिशेब व्हावयास हवा. त्याचा नेव्हस्की पुतळ्यासारखा भव्य आहे आणि पुतळ्यासारखाच निःशंक आहे. या माणसाच्या मनात कधी विकल्प आला असेल असे वाटतच नाही. पोलेझायेव आणि अलेक्सेय निर्माण करणाऱ्या नटाने येथे आपली सर्वांत मोठी शक्ती, म्हणजे माणसाचा दुबळेपणा दाखविण्याची शक्ती, गुंडाळून ठेवली. जे चिन्हावर कोरले गेले ते असे गुंडाळलेले मुख होते. यापुढे त्याच्याकडे गॉर्कीची, रेडिओचा शोधक पोपोव याची, इतकेच काय रूझवेल्टचीही भूमिका आली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात पुदोव्किनबरोबर तो भारतातही येऊन गेला, तो सोव्हिएट कलेचा प्रतिनिधी म्हणूनच.

आता ‘भयंकर इव्हान’ या बोलपटाकडे वळू, कारण पहिल्या पक्षाचा निकाल येथे लागतो. युद्धकाळी दूर आल्माआता येथे, दिवसा वीज कारखान्यांना लागे म्हणून रात्री रात्री हे चित्रण चालले. पहिला भाग १९४५ साली लोकांपुढे आला आणि दुसऱ्या वर्षी त्याला स्टॅलिन पारितोषिक मिळाले. दुसरा भाग पाहून मात्र सत्ताधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. १९४६ च्या सप्टेंबरातील पक्षाच्या ठरावात त्याचा निषेध झाला. आक्षेप असा की दृढनिश्चयी राजा इव्हान येथे हॅम्लेटसारखा दुबळा आणि चंचल दाखविला आहे. ही चंचलता पडद्यावर आली कोठून? संहितेत ती होती, आयझेनस्टाईनच्या योजनेत होती, हे खरेच. पण ज्यांचा शिरच्छेद केला त्यांच्या प्रेतांपुढे हा राजा मस्तक लववितो आणि ताठ होऊन हे तर थोडेच झाले असे म्हणतो, त्या क्षणी एकाच चेहऱ्यावर पश्चात्ताप आणि रक्ताची तहान एकमेकींस ढकलताना जी दिसतात, ती नटाने दाखविलेली आहेत. ‘हुकूमशहाचा नट’ म्हणणाऱ्यांनी हे सांगावे की हुकूमशहाला जे चित्र सहन झाले नाही त्याच्या मध्यभागी हाच नट कसा?

येथवर दुसरा पक्ष खूष झाला असेल. त्याने पुढचेही ऐकावे.

१९४७ च्या फेब्रुवारीत आयझेनस्टाईन आणि चेर्कासोव यांना क्रेमलिनमध्ये बोलावणे आले. समोर स्टॅलिन, मोलोटोव आणि झ्दानोव. त्या रात्रीच्या संभाषणाचा वृत्तान्त दोघांनी सांगितला आणि तो लिहून ठेवण्यात आला. आज तो कोणालाही वाचता येतो. इव्हान क्रूर होता, तेव्हा क्रौर्य दाखवा, परंतु ते आवश्यक का होते हेही दाखवा, असा स्टॅलिनचा उपदेश. दिग्दर्शक बराच वेळ अबोल आहे. फिलिप या धर्माचार्याच्या वधाचा प्रसंग ठेवावा काय, अशी विचारणा चेर्कासोव करतो आणि त्यास अनुज्ञा मिळते. त्याच वर्षी त्याला ‘सोव्हिएट संघाचा लोकनट’ ही सर्वोच्च पदवी लाभली. आयझेनस्टाईन १९४८ च्या फेब्रुवारीत वारला. दुसऱ्या भागाची दुरुस्ती झालीच नाही. १९५३ साली चेर्कासोवने आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने लिहिले आहे की आयझेनस्टाईन चित्राच्या रचनेत इतका रंगून जाई की नटाला अवघड, ताणलेल्या आकृती धारण कराव्या लागत आणि त्यांना आतून अर्थ देणे कठीण होई.

ही तक्रार खरी असेल. ते चित्र पाहणाऱ्याला नटाचा तो देहदंड दिसतोच. परंतु ज्याच्यावर ती केली तो उत्तर द्यावयास जिवंत नव्हता आणि ज्या चित्राविषयी ती केली ते कुलपात होते. अशा वेळी सत्य बोलणाऱ्याने अर्धे सत्य बोलू नये. आपल्या आयुष्यातल्या श्रेष्ठ भूमिकेवर बंदी आहे, याचे दुःख त्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही.

यावर उत्तर येईल, आणि ते फेकून देण्यासारखे नाही: घरात सुरक्षित बसून दुसऱ्याच्या धैर्याचे माप घेणे सोपे असते. चेर्कासोवच्याच नाट्यगृहात एके काळी नाटके बसविणारा मेयरहोल्ड १९४० साली गोळी घालून मारला गेला. थोर यहुदी नट मिखोएल्स १९४८ च्या जानेवारीत सरकारी आज्ञेने मारला गेला आणि तो अपघात म्हणून खपविला गेला. शिवाय लेखकाला जी पळवाट असते ती नटाला नसते. बुल्गाकोवचे ‘पलायन’ हे नाटक १९२९ साली बंद पाडले, तरी हस्तलिखित खणात पडून राहू शकले. नटाचा अभिनय खणात ठेवता येत नाही. तो आज, लोकांसमोर झाला तर झाला. हे सारे मी मान्य करतो, आणि म्हणून त्या क्रेमलिनमधल्या रात्रीबद्दल मी त्याला दोष देणार नाही. भीतीने माणूस गप्प राहिला, तर त्याला क्षमा आहे. परंतु ती क्षमा माणूस म्हणून द्यावी, ‘नट तो काय, बोलका पोपट’ असे म्हणून देऊ नये. पहिल्या क्षमेत त्याचा मान राहतो, दुसरीत जातो. आणि १९५३ चे पुस्तक हे मौन नव्हते.

हा भेद मी इतक्या आग्रहाने का मांडतो? चेर्कासोवने पुढे जे केले त्याचा अर्थ या भेदावाचून लागतच नाही म्हणून. १९५७ साली कोझिन्त्सेवच्या बोलपटात त्याने डॉन किहोते केला. ही भूमिका त्याने १९२६ साली मुलांसाठी केली होती आणि १९४१ साली बुल्गाकोवच्या रूपांतरात पुन्हा केली होती. तिसऱ्या खेपेस तो खरोखरीच थकलेला होता आणि त्या थकव्यासकट तो पडद्यावर आला. दुसऱ्याच वर्षी पुश्किन नाट्यगृहाने ‘पलायन’ रंगभूमीवर आणले. त्यातला ख्लुदोव हा सेनापती माणसांना फासावर लटकविणारा. ज्या शिपायाला त्याने फाशी दिले त्याची छाया त्याचा पिच्छा सोडीत नाही. क्रौर्य आवश्यक का होते हे दाखव, असा आदेश ज्याला प्रत्यक्ष मिळाला होता, त्याच नटाने अकरा वर्षांनी क्रौर्य करणाऱ्याच्या मनाची काय गत होते ते लेनिनग्राडच्या प्रेक्षकांपुढे मांडले. आणि त्याच १९५८ साली ‘इव्हान’चा दुसरा भागही अखेर कुलपातून बाहेर आला.

याला मी प्रायश्चित्त म्हणत नाही. त्याच्या अंतःकरणाचा ठाव घेण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्याच्या शब्दांत का होईना, चेर्कासोवने उत्तर दिले एवढे मात्र म्हणतो. जो उत्तर देऊ शकतो त्याला प्रश्न विचारता येतो. १९६४ साली त्याला लेनिन पारितोषिक मिळाले. १९६५ साली बत्तीस वर्षांचे नाट्यगृह सुटले. १९६६ च्या सप्टेंबरात तो वारला.

नटाच्या चरित्रावर लिहिणाऱ्यांस माझे सांगणे एवढेच की, त्याच्या यशाचे धनी जर आपण त्यालाच मानतो, पोलेझायेवबद्दल टाळ्या जर त्यालाच देतो, तर पुतळ्यासारख्या नेव्हस्कीचे आणि १९५३ च्या पुस्तकाचे खातेही त्याच्याच नावे मांडले पाहिजे. जमा त्याची आणि नावे दिग्दर्शकाच्या वा सरकारच्या, असा जमाखर्च कोणताही सराफ मान्य करणार नाही. चेर्कासोवच्या खात्यात दोन्ही बाजूंस मोठ्या रकमा आहेत. त्या पुसल्याशिवाय जो त्याचे चरित्र लिहील, त्याला तो खरोखर केवढा नट होता हेही अधिक स्पष्ट दिसेल.