तापलेलें यंत्र आणि थंड डोकें

घर सोडल्यावांचून प्रवास होत नाहीं, असें आम्ही आजवर मानीत आलों. परंतु अमेरिकेंत चाकांवर बसविलेलीं घरें रस्त्यानें धांवतात; त्यांस तिकडे मोटारहोम म्हणतात. आमच्या जांवईबापूंनीं असें एक चाळीस वर्षांचें जुनें घर विकत घेतलें असून, गेल्या मार्चांत आम्हां उभयतांस, मुलीस व नातवास त्यांत बसवून त्यांनीं कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅलीची वाट धरली. आंत निजावयास जागा, गॅसची शेगडी, मोरी, सर्व सोय होती. मात्र ज्याच्या जिवावर एवढा संसार चालावयाचा, तें एंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधोमध एका झांकणाखालीं धापा टाकीत होतें.

पश्चिमेकडून जातांना पॅनामिंटच्या खोऱ्यांतून टाउन्स खिंडीपर्यंत सुमारें १००० मीटरांची चढण चढावी लागते. खिंडीची उंची सुमारें १५०० मीटर आहे. गाडी जड, वेग मंद. त्यामुळें रेडिएटरवर वाऱ्याचा झोत कमी आणि एंजिनाचे श्रम मात्र अधिक. अर्ध्या वाटेवर उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला. जांवईबापूंनीं गारव्याचें यंत्र बंद केलें आणि उलट ऊब देणारें यंत्र पूर्ण सोडलें! आम्हांस हा वेडेपणा वाटला. परंतु ऊब देणाऱ्या त्या यंत्रांतून एंजिनाचेंच ऊन पाणी फिरत असतें, म्हणून तें चालू केलें असतां एंजिनाचा थोडा ताप त्या वाटेनें निघून जातो.

आम्ही सारे घामाघूम झालों. "थांबूं या का?" त्यांनीं विचारलें. सूर्यास्तापूर्वीं मुक्कामास पोहोंचावें या हौसेनें आम्हींच म्हणालों, "खिंड आतां आलीच. थोडें रेटा." वडील माणसाचा शब्द त्यांनीं मोडला नाहीं. पांच मिनिटांत गोडसर वास सुटला, वाफेचा लोट उठला आणि आमचें घर रस्त्याच्या कडेस उभें राहिलें.

एंजिन बंद करतांच नातू फडकें घेऊन रेडिएटरच्या टोपणास हात घालावयास धांवला. आमच्या कुटुंबानें त्याचें मनगट धरलें. "अरे, कुकर पडल्याशिवाय कोणी झांकण काढतें का?"

ती यंत्रशास्त्र शिकलेली नाहीं, तरी तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. टोपणाखालीं दाब असतो, म्हणून आंतील पाणी शंभर अंशांच्या वर तापूनहि उकळत नाहीं. टोपण उघडलें कीं दाब सुटतो आणि तें पाणी तत्क्षणीं उसळून तोंडावर येतें. मुलाचा चेहरा थोडक्यांत वांचला; आणि दोष कोणाचा, हें आमचें आम्हांस कळत होतें.

तासभर थांबलों. घर बंद पडलें होतें, पण चूल चालू होती. मुलीनें चहा केला. एंजिन निवल्यावर पाहतां, रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी पट्टीपाशीं चिरलेली आढळली. जांवईबापूंनीं तिचा चिरलेला दोन बोटें तुकडा कापून टाकला, उरलेलें टोंक पुन्हां चढवून पट्टी आंवळली आणि बरोबरचें पाणी हळूहळू भरलें. तापल्या लोखंडांत एकदम गार पाणी ओतल्यास तें तडकण्याची भीति असते. म्हणून त्या तासाचें मोल दुहेरी होतें. मग खालच्या गिअरांत, चालीचालीनें, दिवेलागणीनंतर खिंड ओलांडली.

त्या खोऱ्यांत फर्नेस क्रीक येथें १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलें गेलें आहे. आमचा महिना मार्च होता, म्हणून निभावलें.

जुनी गाडी घेऊन लांब निघणाऱ्यांनीं निघण्यापूर्वीं रबरी नळ्या व पट्टे हातानें चांचपून पाहावे, जादा पाणी ठेवावें, आणि कांटा चढूं लागतांच थांबावें. वडील मंडळींस मात्र आमचें एक वेगळें सांगणें आहे. सुकाणू ज्याच्या हातीं आहे, त्यानें "थांबूं या का?" असें विचारलें असतां "थांबा" एवढेंच म्हणावें. सूर्यास्त दुसऱ्या दिवशींहि होतो. आम्हीं तो दुसऱ्या दिवशीं नातवासह पाहिला.