गाण्यांचे नियतकालिक आणि आमचे सोवळे

बेल्जियम देशाच्या उत्तर भागात डच भाषा बोलणारे फ्लेमिश लोक राहतात. त्यांची संख्या आजही सत्तर लाखांच्या आतबाहेर. तेथील कुलीन मंडळी पूर्वी फ्रेंच बोलत आणि या भाषेला कुणबाऊ समजत. गेंटच्या विद्यापीठात सर्व शिक्षण डच भाषेतून होण्यास १९३० साल उजाडावे लागले. अशा समाजात १९७३ मध्ये सिल्व्हाँ टाक या, वॅफल नावाची गोड पोळी विकणाऱ्या, गृहस्थाने पत्रकार गिदो व्हान लीफरिंगे याच्या साहाय्याने पोरासोरांसाठी गाण्यांचे एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'यूऽपी', म्हणजे आनंदाची आरोळी! गायकांची रंगीत चित्रे आणि लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी एवढाच त्याचा संसार. परंतु चौदा वर्षांच्या मुलाचे वेड त्याच्याच भाषेत छापले जाऊ लागले, हे काय थोडे झाले?

आम्ही काय केले? ओकांचे 'बालबोध' १८८१ चे, आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा, पाठ्यपुस्तक मंडळाचा 'किशोर' १९७१ चा. सारी मोलाची, त्यांनी मुलांना ज्ञान दिले, गोष्टी दिल्या. १९४७ चे 'संगीत कला विहार' रागदारीच्या अभ्यासकांचे. पण जो मुलगा रस्त्याने गुणगुणत चालला आहे, त्याच्याकडे आम्ही सुशिक्षित लोक कपाळाला आठी घालूनच पाहतो.

पुण्यामुंबईपेक्षा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही आठी अधिक बोचते, कारण तेथे गाण्याला तोटा नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रीच्या रात्री जागवितात. दंडार अद्याप नाचते. गोंडांची मुले-मुली हातात हात गुंफून रेला गातात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आम्ही टाळ्या वाजविल्या आणि पुन्हा आपल्या बैठकीत येऊन बसलो!

कोणी म्हणतील, ही गाणी उथळ आहेत. वाचकहो, ज्या नाट्यपदांनी आज आमच्या आजोबांचे डोळे पाणावतात, तीही एकेकाळी नाटकवेड्या पोरांच्याच तोंडी होती, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना अभ्यासाकडे लक्ष देण्याचा उपदेश केलाच असेल! दुसरे म्हणतील, आता छापील कागदाचे दिवस गेले, मुलांच्या हाती फोन आला. आला खरा, पण त्यातून बहुधा हिंदीच वाजते. २०११ च्या जनगणनेत सुमारे एकोणतीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला अजून जागा नाही. तिला निदान एखाद्या मासिकाच्या पानात तरी जागा द्याल की नाही?

असे मासिक कोणी धनिकाने काढावे. पोळीवाल्यालाही ते साधले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर वडशाच्या रंगमंचावरील एखाद्या गायिकेचे चित्र असावे. आत झाडीबोलीतील पदे आणि गोंडी रेला, गाणाऱ्यांच्या नावांसह, जशीच्या तशी छापावीत. शुद्धलेखन तपासावयास मात्र आमच्यापैकी कोणास बोलावू नये.