नाशिकला नापा म्हणू नका!

"नाशिक म्हणजे भारताचं नापा" हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिलं, त्याला मे महिन्यात भर दुपारी दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेत उभं करायला हवं.

कारण या एका वाक्यापायी आमची अमेरिकेतली भावंडं दर वर्षी चुकीच्या महिन्यात वायनरी बघायला येतात. मुलांना सुट्टी म्हणून जुलै, नाहीतर तिकडे सप्टेंबरात तोडणी असते म्हणून सप्टेंबर. तिकिटं आधी, प्रश्न नंतर!

अहो, नापा ३८ अंश अक्षांशावर, नाशिक २० वर. तिकडे थंडीत पानं गळतात, वेली झोपतात. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. घड थंडीत भरतात आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे नापाच्या बरोब्बर उलट. जुलैत याल तर पानंच पानं, घड एकही नाही (फोटो मात्र झकास येतील, गंगापूर धरण भरत असतं). मे महिन्यात नुसती खोडं, ओलांडे आणि नुकते फुटलेले कोंब.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आम्हाला काय, टेस्टिंग करायचंय, बाटली बारा महिने मिळते." मिळते ना! मुंबईतही मिळते. मग तेवढ्यासाठी कसारा घाट कशाला चढायचा? स्टीलच्या टाक्या बघायला? आणि ते द्राक्षं पायाने तुडवणं, त्याबद्दल तर बोलायलाच नको. तो पाहुण्यांसाठीचा खेळ आहे, वाइनची द्राक्षं यंत्रात जातात.

बघण्यासारखं असतं ते फेब्रुवारीत. वेलीवर घड लटकलेत, वर्षभराचे पैसे त्यात गुंतलेत आणि बागवाल्याचं अर्धं लक्ष आभाळाकडे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने नाशिकच्या बागा झोडपल्या, तेव्हा ऐन तोडणीचे दिवस होते. हे नापाच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आणि ते न कळता जे 'वाइन टूर' करून जातात, ते माझ्या मते एका हॉटेलात जेवून जातात, बस्स.

असो. तर मंडळी, फेब्रुवारी, आणि शनिवार-रविवार सोडून. दिवसाला दोनच वायनरी. चार-चारचे बेत आखू नका, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही. गाडी चालवणाऱ्याने ग्लासला हात लावायचा नाही. सकाळी लवकर निघा, उन्हं चढायच्या आत तोडणी आटपायची घाई असते. आणि विचारून शिराझचा एक मणी तोंडात टाका. थॉमसनची सवय असलेल्यांना ती जाड साल आणि बिया नकोशा होतील, पण गोडी बघा!

तिकीट काढण्याआधी मला फोन करा. तोडणी कधी धरलीय ते विचारून सांगतो.